रोबोटिक्स टीमसाठी ऑनशेप : सीझनच्या आधीच हातात घ्या

सरळ मुद्द्यावर येते. तुमची हायस्कूलची रोबोटिक्स टीम असेल, एफटीसी असो नाहीतर एफआरसी (शाळकरी मुलांच्या दोन रोबो-स्पर्धा), आणि सीझन तोंडावर आला असेल, तर कॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायला, ऑनशेप वापरा असंच मी सांगेन, आणि सुरुवात किकऑफच्या (सीझनचा गेम जाहीर होतो तो दिवस) आधी करा, नंतर नको. मी टीमची मेंटॉर आहे, हे सॉफ्टवेअर मुलांच्या हातात बरेच दिवस बघतेय, स्वतःही वापरतेय. डिझाइन काढायला चांगली सॉफ्टवेअरं इतरही आहेत, पण शाळेच्या टीमचा जो सगळ्यात जुना त्रास आहे, की सगळा रोबो एकाच मुलाच्या लॅपटॉपमध्ये आणि एकाच मुलाच्या डोक्यात असतो, तो याच्यामुळे खरोखर कमी होतो.

ज्यांनी टीम जवळून बघितलीय त्यांना हे पटेल. प्रत्येक ठिकाणी एक कॅडवाला असतो. फाइल त्याच्याकडे, पार्ट त्याच्याकडे, मापं त्याला पाठ, आणि बाकीचे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीनकडे बघत असतात. त्याची परीक्षा आली, तो आजारी पडला, किंवा शाळा संपवून गेला की काम ठप्प. मग पेनड्राइव्हवर फायनल, फायनल नवीन, फायनल दोन अशा फाइली आणि त्यातली प्रिंटरला कुठली द्यायची यावरून वाद. ऑनशेपमध्ये फाइल सांभाळायची भानगडच नाही, ब्राउझरमध्ये लिंक उघडायची की समोर डॉक्युमेंट, ते एकच, आणि ज्यांना परवानगी दिलीय ते सगळे तेच बघतात. इन्स्टॉल काही करायचं नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, क्रोमबुक काहीही चालतं, फोन आणि टॅबलेटवर अॅपपण आहे. क्रोमबुक चालतं ही शाळेच्या टीमसाठी फार मोठी गोष्ट आहे, कारण बऱ्याच मुलांकडे तेवढंच असतं आणि मोठी कॅड सॉफ्टवेअरं त्यावर बसतच नाहीत, म्हणजे कोणाकडे कुठला लॅपटॉप आहे त्यावर कोण डिझाइन करणार हे ठरतं, आणि ते मला कधीच आवडलेलं नाही.

थोडी माहिती, ज्यांनी नाव पहिल्यांदा ऐकलंय त्यांच्यासाठी. कंपनी २०१२ मध्ये सुरू झाली, सॉलिडवर्क्स हे दुसरं कॅड सॉफ्टवेअर ज्यांनी उभं केलं त्यातल्याच लोकांनी काढली, आणि २०१९ मध्ये पीटीसी नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली. विद्यार्थी आणि शिक्षकांसाठीचा एज्युकेशन प्लॅन फुकट आहे. इथे एक गोष्ट नीट बघून घ्या, साधा फ्री प्लॅन वेगळा आणि एज्युकेशन प्लॅन वेगळा. साध्या फ्री प्लॅनमध्ये तुमची डॉक्युमेंटं पब्लिक असतात, कोणीही शोधून उघडू शकतं, एज्युकेशनमध्ये ती प्रायव्हेट ठेवता येतात. त्यामुळे अकाउंट काढतानाच सगळ्या मुलांना योग्य पानावरून काढायला लावा. आणि शाळेच्या नेटवर्कवर साइट उघडते का तेही पहिल्याच दिवशी बघा, काही शाळांमध्ये बऱ्याच साइट ब्लॉक असतात आणि परवानगी मिळायला वेळ जातो.

आता मुख्य गोष्ट. एकाच डॉक्युमेंटमध्ये एकजण ड्राइव्हट्रेनवर (चाकं आणि ती फिरवणाऱ्या मोटर), दुसरी आर्मवर, तिसरा इनटेकवर (गेमचे तुकडे आत ओढणारा भाग), असं एकाच वेळी काम चालू शकतं, आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतो. वरती कोण कोण आत आहे त्यांची चिन्हं दिसतात, त्यातल्या एकावर क्लिक केलं की तुम्ही त्याच्या मागे मागे जाता, तो जे बघतोय तेच तुमच्या स्क्रीनवर. शिकवण्यासाठी हे इतकं उपयोगी आहे की काय सांगू. नवीन आलेली मुलगी घरी बसून, फोनवर बोलत बोलत, सीनिअर मुलाचं स्केच कसं उभं राहतं ते बघते, मग तो म्हणतो आता तू कर, आणि ती करते तेव्हा तो तिच्या मागे जातो. माऊस हातातून काढून घ्यायचा प्रकारच नाही. माझ्या मते नवीन मुलं टीममध्ये टिकायचं एक कारण हेच आहे, त्यांना पहिल्या आठवड्यापासून हात लावायला मिळतो.

कामाची पद्धत थोडी वेगळी आहे, दुसऱ्या कॅडवरून येणाऱ्यांना सुरुवातीला खटकते. इथे पार्ट स्टुडिओ असतो, त्यात एकाच ठिकाणी अनेक पार्ट काढता येतात, म्हणजे आर्मच्या दोन्ही बाजूच्या प्लेटा, मधला स्पेसर, शाफ्ट, सगळं एकाच स्केचवरून. एका प्लेटचं भोक सरकवलं की समोरच्याचंही सरकतं. रोबोसाठी हे एकदम योग्य आहे कारण आपल्याकडे पार्ट सुटे नसतातच, सगळे एकमेकांवर अवलंबून. मग असेंब्लीत, म्हणजे सगळे पार्ट एकत्र जोडतात तिथे, आणून मेट (दोन पार्टांमधले सांधे) लावायचे, आणि इथे एक मेट पुरतो. फिरणारा सांधा हवा तर रिव्हॉल्यूट, सरकणारा हवा तर स्लायडर, पक्का हवा तर फास्टन्ड, बास. दोन दोन तीन तीन बंधनं लावून पार्ट जागेवर बसवण्याचा वैताग नाही. सांध्याला मर्यादा घालता येतात, आर्म एवढ्या अंशापासून एवढ्या अंशापर्यंतच फिरेल असं सांगितलं की माऊसने ओढून बघता येतं तो कुठे आपटतो.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल सीझनआधी याचा काय फायदा. समजा आर्म फिरवायला गिअरची जोडी लावायचीय, मोटरवर ४० दातांचा, आर्मच्या शाफ्टवर ८० दातांचा, दोन्ही ०.८ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दातांच्या आकाराचं माप). दोन शाफ्टमधलं अंतर काढायचं सूत्र सोपं आहे, दातांची बेरीज गुणिले मॉड्यूल भागिले दोन, म्हणजे १२० गुणिले ०.८ भागिले २, उत्तर ४८ मिलिमीटर. गोबिल्डा या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या चॅनेलवर (धातूची पट्टी) भोकं ८ मिलिमीटरच्या ग्रिडवर असतात, ४८ म्हणजे बरोबर सहा घरं, शाफ्ट आपोआप भोकावर येतो. आता कोणीतरी म्हणतं आर्म जरा वेगात हवा, ८० च्या जागी ७२ लावू. ऐकायला काहीच नाही, आठ दात कमी. पण अंतर होतं ४४.८, आणि त्या ग्रिडवर ४४.८ ला भोकच नाही. हे कागदावर बोलताना कोणाच्या लक्षात येत नाही, असेंब्लीत टाकल्यावर दुसऱ्या मिनिटाला दिसतं, दात एकमेकांत घुसलेले नाहीतर मधे फट. मग मुलं स्वतःच विचार करायला लागतात, वेगळी प्लेट कापायची का, का बेल्ट घ्यायचा, का मोटरचा गिअरबॉक्सच बदलायचा. हा विचार रोबो उघडून बसल्यावर रात्री करण्यापेक्षा सीझनच्या आधी शांतपणे झालेला बरा. त्यात गिअर रिलेशन लावलं की स्क्रीनवर मोटर फिरवली की आर्म अर्ध्या वेगाने फिरताना दिसतो, रेशो म्हणजे काय हे नववीतल्या मुलाला यापेक्षा चांगलं मला तरी समजावता येत नाही.

मोजमापाचंही तेच. एफटीसीत मॅच सुरू होताना रोबो १८ इंची घनात बसायला लागतो, म्हणजे ४५७.२ मिलिमीटर सगळ्या बाजूंनी. आम्ही टीमला पहिल्यांदा करायला लावतो ती गोष्ट म्हणजे ४५७.२ चा एक पारदर्शक डबा, तो मुख्य असेंब्लीत कायमचा बसवून ठेवायचा. कोणी काहीही नवीन जोडलं की डब्याच्या बाहेर काय डोकावतंय ते लगेच दिसतं. आणि डबा पूर्ण वापरू नका, थोडी जागा सोडा, कारण कॅडमध्ये वायरी नसतात, झिप टाय नसतात, वाकलेला बोल्ट नसतो, आणि तपासणीच्या टेबलावर ते सगळं मोजलं जातं. मोटरचंपण असंच आधी ठरवून टाका. एफटीसीत जास्तीत जास्त आठ मोटर, मेकॅनम ड्राइव्ह (आडवाही सरकणारा, प्रत्येक चाकाला वेगळी मोटर) घेतला तर चार तिथेच गेल्या, उरलेल्या चारमध्ये लिफ्ट, आर्म, इनटेक, शेवटी लटकायचं काही असेल तर तेही. असेंब्लीत मोटर दिसायला लागल्या की हा हिशोब कोणाला आठवण करून द्यावा लागत नाही.

व्हर्जन आणि ब्रांच, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. प्रत्येक बदल आपोआप सेव्ह होतो, सेव्हचं बटणच नाही, आणि मागे कुठल्याही टप्प्यावर जाता येतं, त्यामुळे नवीन मुलाने काही मोडलं तरी कोणी ओरडायचं कारण नाही. शिवाय एखाद्या ठिकाणी व्हर्जन बनवून तिथून दोन ब्रांच, म्हणजे त्याच डिझाइनच्या दोन वेगळ्या वाटा, काढता येतात. टीममध्ये इनटेकवरून नेहमी दोन तट पडतात, एकांना रबरी चाकांचा रोलर हवा असतो, दुसऱ्यांना पंजा. भांडत बसण्यापेक्षा दोघांना एकेक ब्रांच द्या, खालचा ड्राइव्हट्रेन तोच, मुदत ठरवून घ्या, दोन्ही पूर्ण करा, मग समोरासमोर ठेवून बघा कुठला डब्यात बसतो, कुठल्याला मोटर कमी लागतात, कुठला दुरुस्त करायला सोपा. जो निवडला तो मुख्य डिझाइनमध्ये मर्ज करायचा. ज्याचा निवडला गेला नाही त्याचं काम तिथेच राहतं, त्याच्या नावासकट, कोणी पुसत नाही. मुलांसाठी याला फार अर्थ असतो. आणि सीझनच्या मधे पहिली कल्पना चालत नाहीये असं कळलं की ती दुसरी ब्रांच उघडून तिथून पुढे जाता येतं. फक्त मर्ज करताना एक सांभाळा, दोन्हीकडे एकच फीचर बदललेलं असेल तर मर्ज झाल्यावर सगळी असेंब्ली फिरवून तपासा, लाल झालेले मेट शोधा, आणि मर्जच्या आधी व्हर्जन बनवल्याशिवाय पुढे जायचं नाही हा टीमचा नियमच करून टाका.

पार्टांची चिंता नको. एफआरसीवाल्यांसाठी एमकेकॅड नावाची लायब्ररी आहे, ती लोकांनी मिळून बनवलीय, ऑनशेपच्या आतच उघडते, मोटर, गिअर, बेअरिंग, चाकं सगळं त्यातून ओढून घ्यायचं. एफटीसीत गोबिल्डा, रेव्ह वगैरेंच्या पार्टांची मॉडेल त्यांच्या साइटवर मिळतात. एकच लक्षात ठेवा, रेव्हचं १५ मिलिमीटरचं एक्स्ट्रूजन (खाचा असलेली धातूची पट्टी) एम३ बोल्टवर चालतं आणि गोबिल्डा एम४ वर, दोन्ही मिसळणार असाल तर जोडणारी प्लेट लागणार, आणि ती प्लेट हाच नवीन मुलांसाठी पहिला प्रोजेक्ट म्हणून द्या. लहान आहे, खरी आहे, छापून हातात येते. याशिवाय फीचरस्क्रिप्ट म्हणून प्रकार आहे, लोकांनी स्वतः लिहिलेली फीचरं, गिअर काढणारी, बेल्टची लांबी काढणारी, ट्यूबला भोकं पाडणारी, ती टूलबारमध्ये जोडून घेता येतात आणि तासाचं काम मिनिटांवर येतं. पण माझं मत असं की पहिला गिअर मुलांनी हिशोब करून काढावा, मग स्क्रिप्ट वापरावी.

छपाई आणि कटिंग सोपं आहे. प्लेटच्या सपाट बाजूवर राइट क्लिक करून डीएक्सएफ (कापायच्या आकाराची फाइल) काढता येतो, तो लेझरला नाहीतर राउटरला द्यायचा. थ्रीडी प्रिंटसाठी एसटीएल. भोकांचं माप व्हेरिएबलमध्ये ठेवा हे मी प्रत्येकाला सांगते. एम४ साठी अगदी ४ मिलिमीटरचं भोक छापलं तर बोल्ट जात नाही, ४.२ किंवा ४.३ लागतं, आणि ते प्रिंटरप्रमाणे बदलतं. व्हेरिएबल असेल तर एका जागी आकडा बदलला की सगळी भोकं बदलली. नाहीतर एकेक स्केच उघडत बसा.

वजन आणि गुरुत्वमध्यही बघता येतो, पार्टांना मटेरिअल नेमून द्यावं लागतं, बाहेरून आणलेल्या पार्टांना ते बऱ्याचदा नसतं, तिथे वजन हाताने भरायचं, आणि हे कंटाळवाणं काम आहे पण करा. आर्म पूर्ण बाहेर काढून ठेवा आणि गुरुत्वमध्य चाकांच्या आत राहतोय का बघा. बाहेर गेला तर रोबो उलटणार, त्याला प्रॅक्टिस हा उपाय नाही, बॅटरी खाली आणि मागे सरकवणं हा उपाय आहे, आणि बॅटरीची जागा सगळ्यात शेवटी ठरवायची सवय जवळपास प्रत्येक टीमला असते.

आता उणिवा, कारण त्या आहेत. इंटरनेट नाही तर काही नाही, हा सगळ्यात मोठा मुद्दा. ब्राउझरवर चालणारी गोष्ट आहे, ऑफलाइन उघडत नाही. दुसरं, हिशोब सगळा त्यांच्या सर्व्हरवर होतो पण चित्र तुमच्याच मशीनवर उमटतं, त्यामुळे पूर्ण रोबो, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक मोटरच्या आतले गिअर असं सगळं टाकलं की साध्या लॅपटॉपवर फिरवताना अडखळायला लागतं. म्हणून बोल्ट सगळे टाकू नका, मोटरची साधी मॉडेलं वापरा, आणि रोबो तुकड्यांच्या असेंब्लीत विभागा, ड्राइव्हट्रेन वेगळी, लिफ्ट वेगळी, मग मुख्य असेंब्लीत जोडा. तिसरं, पार्ट स्टुडिओमधला जुना पार्ट कोणी उडवला की असेंब्लीत त्याला लावलेले मेट तुटतात आणि सगळीकडे लाल दिसतं, नवीन मुलं घाबरतात. त्यांना आधीच दाखवून ठेवा की हे असं होतं आणि असं नीट करायचं. टचपॅडवर काम करणं फार त्रासाचं आहे, साधा तीन बटणांचा माऊस प्रत्येकाला द्या, फरक पडतो.

फ्यूजन (ऑटोडेस्कचं कॅड सॉफ्टवेअर) का नको असं बरेचजण विचारतात. नको असं काही नाही. फ्यूजनमध्ये कॅमची (कापणाऱ्या मशीनला सूचना तयार करून देण्याची) सोय आतच आहे, टीमकडे स्वतःचा सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं कापायचं मशीन) असेल आणि तो रोज चालत असेल तर फ्यूजनचा विचार जरूर करा, विद्यार्थ्यांसाठी तेही फुकट आहे. पण ते मुख्यतः विंडोज आणि मॅकवर इन्स्टॉल करून वापरायचं आहे. सॉलिडवर्क्स ताकदवान आहे, फक्त विंडोजवर. तुमच्याकडे आधीपासून त्यात मुरलेली मुलं आणि शिकवणारा मेंटॉर असेल तर उगाच बदलू नका, सीझनच्या तोंडावर तर अजिबातच नको. पण नवीन टीम असेल, वेगवेगळे लॅपटॉप असतील, मुलं घरून काम करणार असतील, तर माझ्यासाठी हा निर्णय सोपा आहे.

एफटीसीचा किकऑफ सप्टेंबरमध्ये आणि एफआरसीचा जानेवारीत, त्याआधीचे आठवडे मोकळे वाटतात पण ते तसेच निघून जातात. त्या काळात गेम माहीत नसतो, म्हणून मुलं म्हणतात काय डिझाइन करायचं. मागच्या सीझनचा आपला रोबो पुन्हा काढा, हेच सगळ्यात चांगलं उत्तर. तो समोर टेबलावर असतो, कॅलिपर लावून मापं घेता येतात, आणि काढताना कळतं की लिफ्ट का अडकत होती, तो स्क्रू बदलायला अर्धा रोबो का उघडावा लागायचा. दोघादोघांच्या जोड्या करा, एक जुना एक नवीन, प्रत्येक जोडीला एक यंत्रणा. मग टीमचं रिकामं डॉक्युमेंट तयार ठेवा, त्यात १८ इंची डबा, नेहमीचा ड्राइव्हट्रेन, व्हेरिएबल, टॅबला नावं द्यायची पद्धत. किकऑफच्या संध्याकाळी त्याची कॉपी काढायची की काम सुरू.

एफटीसीवाल्यांना आणखी एक फायदा आहे. इंजिनिअरिंग पोर्टफोलिओला कव्हर सोडून १५ पानांची मर्यादा असते, त्यात डिझाइन कसं बदलत गेलं हे दाखवायचं असतं, आणि ते बदल सीझन संपताना कोणालाच आठवत नाहीत. इथे प्रत्येक व्हर्जनला नाव आणि दोन ओळी लिहिता येतात. इनटेकची चाकं मऊ केली कारण गेमचा तुकडा निसटत होता, अशी एक ओळ त्याच दिवशी लिहिली की पोर्टफोलिओचं अर्धं काम तिथेच झालं, जजसमोर मुलंही न अडखळता सांगतात कारण तो बदल त्यांनीच केलेला आणि त्यांनीच लिहिलेला असतो.

आणि स्पर्धेच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी करा. एफटीसी आणि एफआरसीच्या जागी टीमने स्वतःचं वायफाय किंवा फोनचा हॉटस्पॉट लावायला मनाई असते, रोबोच्या सिग्नलला त्रास होतो म्हणून, त्यामुळे पिटमध्ये (टीमला रोबोवर काम करायला दिलेली जागा) ऑनशेप उघडेल असं धरून चालू नका. महत्त्वाच्या पार्टांची ड्रॉइंग पीडीएफ करून छापून घ्या, पूर्ण असेंब्लीची चारही बाजूंची चित्रं आणि आर्मच्या सांध्याचा सेक्शन व्ह्यू लॅपटॉपवर सेव्ह करा, जे छापलेले पार्ट तुटू शकतात त्यांचे एसटीएल एका फोल्डरमध्ये, आणि कुठल्या ठिकाणी कुठला बोल्ट किती लांबीचा याची एक यादी पिटच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.